आईची शर्यत, घरची सहल

मे महिना जवळ आला की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. कुणाला काश्मीर हवे असते, कुणाला सिंगापूर, तर कुणाला नुसते कोकणातले माहेर. पण गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांतून एक नवाच प्रकार दिसू लागला आहे. कुठे जायचे हे मुले ठरवत नाहीत, खिसाही ठरवत नाही. ते ठरवते घरातल्या कुणा एकाची धावण्याची शर्यत! शनिवार-रविवारला दोन्ही बाजूंनी रजेचे ठिगळ लावायचे, पासपोर्ट काढायचे आणि एकाने धावायला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायला परदेशी जायचे.

यात एकाची हौस आणि चौघांची फरफट होते, की सगळ्यांचीच सहल होते? ते बरेचसे निघण्यापूर्वीच ठरून जाते.

समजा, पुण्यातले एक कुटुंब आहे. नवरा विमा कंपनीत, मुलाची दहावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली, मुलगी दहा वर्षांची, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि बँकेत नोकरी करणारी चव्वेचाळीस वर्षांची सून. धावणारी तीच. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटले म्हणून आठ वर्षांपूर्वी चालू लागली, चालता चालता पळू लागली, आणि आता तिने नाव नोंदवले आहे ते दक्षिण आफ्रिकेतल्या ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’मध्ये.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. कॉम्रेड्स मात्र नावापुरतीच मॅरेथॉन! समुद्रकाठचे डर्बन आणि डोंगरातले पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमधला हा रस्ता ८७ ते ९० किलोमीटरचा आहे. बहुधा एका वर्षी खालून वर, तर पुढच्या वर्षी वरून खाली असे धावायचे. आपल्याकडच्या माणसाला अंदाज यावा म्हणून सांगायचे तर मुंबईहून पायी धावत निघावे आणि घाट चढून लोणावळ्याच्या थोडे पुढे जाऊन थांबावे! दोन्हीकडची उंचीही जवळजवळ तेवढीच. फरक एवढाच, की तिथे एकच घाट नाही. काउइज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स अशा पाच नामांकित टेकड्या आहेत, आणि त्यांच्यामधला रस्ताही काही सपाट नाही. एवढे सगळे बारा तासांत संपवायचे. बारा तास म्हणजे बाराच. वर एक सेकंदही नाही.

ही शर्यत सुरू झाली ती एका इंजिन ड्रायव्हरच्या हट्टापायी. व्हिक क्लॅपहॅम हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेत लढला होता, शेकडो मैल पायपीट करताना त्याने कितीतरी सोबत्यांना पडताना पाहिले होते. त्यांच्या आठवणीसाठी दगडी स्मारक नको, माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा घेणारे काहीतरी हवे, असे त्याच्या मनाने घेतले. माजी सैनिकांच्या संघटनेने आधी त्याला वेड्यात काढले. अखेर १९२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि खर्चासाठी एक पौंड मिळाला, तोही परतीच्या बोलीवर! २४ मे १९२१ ला ३४ जण धावले, १६ जणांनी शर्यत पूर्ण केली. आज हा आकडा वीस हजारांच्या आसपास जातो, आणि परदेशातून येणाऱ्यांत भारतीयांचा जथा मोठ्या जथ्यांपैकी एक असतो. त्यात मुंबई-पुण्याचे, साताऱ्याचे, नागपूरचे लोक भरपूर.

पुण्याच्या या सुनेला आवडणारी गोष्ट मात्र १९२३ सालची आहे. फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या एका बाईने नाव द्यायचा प्रयत्न केला, तर बाई म्हणून अर्ज नाकारला गेला. ती तरीही धावली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचली. पदक मिळणे शक्यच नव्हते. मग बघ्यांनीच वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा सेट दिला. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच अनधिकृतपणे धावला, साडेनऊ तासांत. बायकांना आणि गोऱ्यांखेरीज इतरांना दरवाजा रीतसर उघडला तो थेट १९७५ मध्ये. तोवर डर्बनला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भारतीयांनीही ही शर्यत फक्त रस्त्याच्या कडेला उभे राहूनच पाहायची.

असो. नाव नोंदवायचे तर आधी एखादी मॅरेथॉन ठराविक वेळेत पूर्ण केल्याचा दाखला लागतो. आपल्याकडची मंडळी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनवर हे काम उरकतात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते, आणि ती घराची असते. शर्यत बहुधा जूनमध्ये, तिथल्या थंडीत. म्हणजे तयारी आली फेब्रुवारी ते मे, आपल्या भर उन्हाळ्यात. रविवारी पहाटे तीनला गजर. सून सिंहगड रस्त्याला लागते तेव्हा दूधवालाही उठलेला नसतो. नऊ-दहाला परत आल्यावर तिच्या अंगात कुकर लावण्याचे त्राण नसते. पहिल्या महिन्यात नवऱ्याने कौतुकाने पोहे केले. दुसऱ्या महिन्यात बाहेरून आणले. तिसऱ्या महिन्यात नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली, तेव्हा सासूबाईंचा संयम सुटला.

‘‘एवढं धावून मिळतं काय गं शेवटी?’’

‘‘एक पदक, आई. रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं.’’

हे खरेच आहे. कॉम्रेड्सचे पदक फार लहान असते, त्याची लोक थट्टाही करतात.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी. अशा सहलीचा बेत धावणाऱ्याने परस्पर ठरवून घरच्यांपुढे तिकिटे ठेवली, की ती सहल निघण्याआधीच बिघडते. ज्यांचे रविवार चार महिने गेले, त्यांना निदान सोमवार-मंगळवार तरी त्यांच्या मनासारखे मिळाले पाहिजेत. या घरात ते नशिबाने जमले, आणि ते सासूबाईंमुळे. पीटरमॅरित्झबर्ग हे नाव नातवाने नकाशात दाखवले तशा त्या म्हणाल्या, ‘‘अरे, हे तर गांधीजींचं स्टेशन!’’ शाळेत धडा होता त्यांना. बाकी कुणाच्या हे लक्षातही आले नव्हते.

प्रवासाच्या तयारीचे फार पाल्हाळ नको. व्हिसा आधी काढावा लागतो, त्याला वेळ हाताशी ठेवावा. मुलांचे जन्मदाखले जवळ असावेत. केनिया किंवा इथिओपियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड विचारले जाऊ शकते आणि ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, हे अनेकांना विमानतळावरच कळते! आणि जून म्हणजे तिथला हिवाळा. डर्बनमध्ये एक स्वेटर पुरतो, पण मॅरित्झबर्गची पहाट नि संध्याकाळ आपल्या महाबळेश्वरच्या डिसेंबरची आठवण करून देते. सासूबाईंची शाल आणि कानटोपी अशा वेळी सगळ्यांच्याच कामी येते.

गुरुवारी मंडळी डर्बनला पोचतात. शुक्रवारी सून आपला धावण्याचा क्रमांक आणायला जाते, मुले समुद्रावर. डर्बनमध्ये मराठी माणसाला परके वाटत नाही. १६ नोव्हेंबर १८६० ला ‘ट्रुरो’ जहाजातून उसाच्या मळ्यांवर राबायला गिरमिटिये उतरले, तेव्हापासून हे शहर मसाल्याच्या वासाचे आहे. ‘बनी चाऊ’ म्हणून एक प्रकार मिळतो. पावाचा जाड तुकडा आतून कोरायचा नि त्यात रस्सा भरायचा. शाकाहारी लोकांसाठी बीन्सचा असतो. पाव मोडत मोडत हाताने खायचे. मुलाने दोन संपवले. सासूबाईंनी एक घास घेऊन सांगितले, ‘‘आपली मिसळच आहे, फक्त ताटली खायची.’’

शनिवार हा या सगळ्या सहलीतला सर्वांत नाजूक दिवस. धावणाऱ्याने पाय वर करून पडून राहायचे असते. घरच्यांना नवे शहर पाहायचे असते. समुद्रकाठी दोन-तीन तास हिंडले तर उद्याचे पाय गेले, आणि न हिंडावे तर मुले फुरंगटलेली. पुष्कळ घरांत भांडणे होतात ती याच दिवशी. शहाणपणाचा मार्ग हा, की धावणाऱ्याला हॉटेलात पुस्तक आणि पाण्याची बाटली देऊन सोडून द्यावे व बाकीच्यांनी गाडी करून दिवसभर निघून जावे. डर्बन ते मॅरित्झबर्ग मोटारीने तासाभराचा रस्ता.

तसे ते चौघे गेले. ७ जून १८९३ ला रात्री तेवीस वर्षांच्या बॅरिस्टर गांधींना पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असताना याच स्टेशनवर गाडीतून खाली उतरवले होते. विटांची लाल इमारत, लांब फलाट आणि ती प्रतीक्षागृहाची खोली. ओव्हरकोट सामानात आणि सामान रेल्वेच्या ताब्यात, ते मागावे तर पुन्हा अपमान होईल म्हणून गांधीजींनी थंडीत कुडकुडत रात्र काढली, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. सासूबाई फलाटावरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. शहरातल्या चर्च स्ट्रीटवर गांधीजींचा पुतळा आहे. त्या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९३ मध्ये, आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी तो उघडला. तिथे नातीने आजीचा फोटो काढला. परतताना नवऱ्याने मुद्दाम जुन्या रस्त्याने गाडी घ्यायला लावली, तोच शर्यतीचा मार्ग. एकामागून एक चढ येत गेले. गाडीत कुणी फारसे बोलले नाही. हॉटेलात सून विचारते, ‘‘कसा आहे रस्ता?’’ तर तिघेही म्हणाले, ‘‘चांगला आहे!’’

रविवारी पहाटे अंधारात डर्बनच्या सिटी हॉलसमोर वीस हजार माणसे उभी. आधी राष्ट्रगीत होते. मग ‘शोशोलोझा’ हे खाणकामगारांचे आणि रेल्वेमजुरांचे गाणे हजारो गळ्यांतून उठते. त्यानंतर ‘चॅरियट्स ऑफ फायर’ची धून, आणि मग कोंबडा आरवतो! १९४८ मध्ये मॅक्स ट्रिंबॉर्न नावाच्या धावपटूने भीती घालवायला म्हणून कोंबड्यासारखी बांग दिली, ती परंपरा होऊन बसली. आता तीच ध्वनिमुद्रित वाजवतात. लगेच बंदूक. घरच्यांनी ही पहाट चुकवू नये. झोप नंतर बसमध्ये काढता येते.

पुढचे तास मात्र फार लांब असतात. बरोबर गाडी घेऊन धावणाऱ्याची सेवा करता येत नाही, रस्ते बंद असतात. बहुतेक सहल कंपन्यांची बस महामार्गाने जाऊन वाटेत एखाद्या ठिकाणी थांबते आणि मग शर्यतीच्या शेवटाला. मार्गावर ठिकठिकाणी पाणी असते, तेही प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत. दाताने कोपरा तोडायचा नि चोखायचे, आपल्याकडच्या पेप्सीकोल्यासारखे! मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, संत्री यांची चंगळ असते. १९२२ साली तर बिल पेन नावाचा एक रग्बीपटू आपले रग्बीचे बूट घालूनच धावला आणि वाटेत अंडी-बेकनची न्याहारी, कोंबडीचा रस्सा, कुणा बाईने देऊ केलेली पीचची ब्रँडी असा समाचार घेत घेत आठवा आला. तो काळच वेगळा. इंचांगाजवळ अपंग मुलांची एथेम्बेनी शाळा आहे. तिथली मुले चाकाच्या खुर्च्यांतून, कुबड्यांवर रस्त्याच्या कडेला रांग लावतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला टाळी देतात. दमलेली माणसे तिथे मुद्दाम कडेने धावतात.

दुपारी दोनच्या सुमारास कॅम्परडाउनला घरची मंडळी उभी होती. नातीच्या हातात मराठीत लिहिलेली पाटी, ‘आई, पळ!’ सून आली तेव्हा पहिल्यांदा तिला कुणी ओळखलेच नाही. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे थर, ओठ फुटलेले, एक खांदा खाली पडलेला. सासूबाईंनी तिचा हात धरला.

‘‘बस झालं गं आता. चल गाडीत बस.’’

‘‘आई, पंचवीसच राहिलेत.’’

पंचवीसच! आणि ती गेलीसुद्धा.

ठराविक ठिकाणी ठराविक वेळेत पोचले नाही, तर तिथेच थांबवून मागच्या बसमध्ये बसवतात. म्हणून शेवटचे तास घरच्यांच्या डोळ्यांसमोर फक्त घड्याळ असते. स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सवर पहिला येणारा दुपारच्या आतच येऊन गेलेला असतो. गेर्डा स्टाइन या बाईंनी २०२४ मध्ये हाच चढाचा मार्ग ५ तास ४९ मिनिटे ४६ सेकंदांत पार केला होता. पण प्रेक्षक तिथून हलत नाहीत. कॉम्रेड्सची खरी गर्दी असते ती संध्याकाळच्या शेवटच्या तासाला. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, दिवे लागतात, गारठा वाढतो. मुलगा फोनवर आईचा क्रमांक पुन्हा पुन्हा पाहतो. पॉली शॉर्ट्सचा चढ ती चढली एवढे कळले, मग पुढे काहीच नाही. नवरा बोटांवर हिशेब मांडतो. एक किलोमीटरला नऊ मिनिटे धरली तर येईल. दहा धरली तर... तो पुन्हा नऊ धरतो.

इथे धावणाऱ्यांचे घोळके असतात, त्यांना ‘बस’ म्हणतात. एक अनुभवी माणूस पुढे, तो ड्रायव्हर. कुठे चालायचे, कुठे पळायचे, हे तो ओरडून सांगतो आणि बाकीचे गात गात मागून येतात. अशीच एक मोठी बस गाणे म्हणत हिरवळीवर शिरली. त्या दोन-तीनशे माणसांत निळ्या टोपीतली एक बाई होती. घड्याळात ११ तास ५१ मिनिटे. नवऱ्याला पुढचे काही नीट दिसलेच नाही, चष्म्यावर वाफ आली होती असे तो सांगतो.

तिला भेटायला मंडळी निघणार तोच सगळे मैदान उलटे मोजू लागले. दहा, नऊ, आठ... शर्यतीचा एक पदाधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून रेषेवर उभा राहतो, म्हणजे कोण येते आहे हे त्याला दिसू नये. बारा तास भरले आणि त्याने बंदूक उडवली. रेषेपासून चार पावलांवर एक पिकल्या केसांचा गृहस्थ होता. त्याच्यासमोर माणसे हात धरून आडवी उभी राहिली. तो तिथेच गवतावर बसला. त्याला पदक नाही, निकालाच्या यादीत नावही नाही.

‘‘बाबा, चारच पावलं होती ना? मग त्या काकांना का नाही दिलं?’’ नातीने विचारले.

बाबांना उत्तर देता येईना. मुलगा म्हणाला, ‘‘नियम आहे.’’ सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या पिशवीतली दशम्यांची पुरचुंडी काढली, कठड्यापाशी गेल्या आणि त्या गृहस्थाकडे खुणेने पुढे केली. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. त्याने एक घेतली.

सोमवार घरच्यांचा होता, तसे आधीच ठरले होते. मॅरित्झबर्गहून अर्ध्या तासावर हॉविक येथे ९५ मीटरचा धबधबा आहे, आणि जवळच ५ ऑगस्ट १९६२ ला नेल्सन मंडेलांना मोटार अडवून पकडले ती जागा. तिथे पोलादाचे पन्नास खांब उभे केले आहेत. एका ठरावीक ठिकाणाहून पाहिले की त्या खांबांतून मंडेलांचा चेहरा जुळून येतो, दोन पावले सरकले की पुन्हा नुसते खांब. मुले तिथे तासभर पुढे-मागे करत होती. सून मात्र प्रत्येक पायरी पाठमोरी उतरत होती. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मांड्यांना सरळ उतरणे सोसत नाही. सासूबाई खालच्या पायरीवर उभ्या राहून तिला हात देत होत्या. एरवी हे उलटे असते.

परतीच्या विमानात तिने हळूच विषय काढला. पहिल्या वर्षी पूर्ण केलेल्याने लागोपाठ दुसऱ्या वर्षीही पूर्ण केली, तर एक जास्तीचे, ‘बॅक-टू-बॅक’ पदक मिळते. ते आयुष्यात एकदाच मिळते, आणि दुसऱ्याच वर्षी. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

‘‘केवढं असतं ते?’’ सासूबाईंनी विचारले.

‘‘तेवढंच, आई.’’

‘‘हं. पुढच्या खेपेला दशम्या जास्त घेऊ.’’